पाठ असलेली पाली समजून घेताना
घरच्या घरी नवी भाषा शिकण्याची सुरुवात कशी करावी?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात दोन भाषा ऐकू आल्या. त्रिशरण आणि पंचशील पालीत होते, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा मराठीत होत्या. प्रतिज्ञांचा अर्थ ऐकताक्षणीच समजला. पाली शब्द मात्र आधी ओठांवर आले आणि त्यांचा अर्थ मागाहून यायचा राहिला. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने ते शब्द घरात, विहारात, लग्नमंडपात आणि अंत्यविधीच्या वेळी ऐकून ऐकूनच पाठ केले. आजही नागपुरात पंचशील न अडखळता म्हणणाऱ्यांना त्यातल्या एखाद्या शब्दाची फोड करायला सांगितले, तर अनेक जण थांबतात.

ही स्थिती एका अर्थी उणीव आहे, तशीच ती मोठी ठेवही आहे. कारण कोणतीही भाषा स्वतःहून शिकू पाहणाऱ्याला ज्या गोष्टीसाठी महिनोन्महिने खपावे लागते, ती येथे आधीच हाती आलेली असते. त्या भाषेतला एक मजकूर त्याच्या कानात आणि तोंडात पक्का बसलेला असतो. शिक्षक नाही, वर्ग नाही, वय उलटून गेले आहे, अशा सबबी बाजूला ठेवून घरच्या घरी पाली शिकायची असेल, तर सुरुवात याच पाठ असलेल्या मजकुरापासून करावी. ही वाट पालीसाठी जितकी उपयोगी, तितकीच ती अन्य भाषांसाठीही आहे.

नागपूरचा वारसा

पालीच्या अभ्यासाला या परिसरात जुनी परंपरा आहे. आधुनिक काळात पाली साहित्य मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातील साखवाळचे. त्यांचा जन्म १८७६ चा. बुद्धाविषयी जाणून घेण्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले, संस्कृत शिकले आणि पालीसाठी १९०२ मध्ये थेट श्रीलंका गाठली. त्या काळी पाली ग्रंथ वाचायचे तर अनेकदा सिंहली किंवा ब्रह्मी लोकांच्या लिपी शिकून घ्याव्या लागत. हा खडतर प्रवास त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. १९४७ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

दुसरे नाव भदंत आनंद कौसल्यायन यांचे. मूळचे पंजाबचे असलेले भदंतजी राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामानिमित्त वर्ध्यात राहिले आणि उत्तरायुष्यात नागपूरचेच झाले. १९८८ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. जातककथांचा हिंदी अनुवाद त्यांनी सहा खंडांत केला. पालीच्या नवशिक्यांसाठी मात्र त्यांची आणखी दोन कामे महत्त्वाची आहेत. एक ‘पालि-हिन्दी कोश’ आणि दुसरे ‘३१ दिन में पालि’ हे छोटे पुस्तक. नागपूरकराला हिंदी परकी नसल्याने ही दोन्ही पुस्तके येथील वाचकाला थेट वापरता येतात.

स्वतः डॉ. आंबेडकरांचे उदाहरणही येथे आठवते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतचा अभ्यास केला. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवरही त्यांनी काम केले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतील १६ व्या खंडात ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. भाषेचे दार बंद केले गेले, तर ते स्वतः उघडावे लागते, याचा हा धडा आहे. ज्या भाषेचे दार आज सताड उघडे आहे, तिच्या उंबरठ्यावर नुसते उभे राहणे म्हणूनच परवडणारे नाही.

आधी हेतू ठरवा

भाषा शिकण्याचे बहुतेक संकल्प पहिल्या महिन्यातच बारगळतात, कारण संकल्प फार मोठा असतो. ‘मला पाली आली पाहिजे’ हा हेतू इतका विस्तीर्ण आहे, की आपण पुढे सरकलो की नाही हे कळतच नाही. त्याऐवजी ‘रोजची वंदना मला शब्दन् शब्द समजून म्हणता आली पाहिजे’ असा हेतू ठेवावा. तो मोजता येतो आणि काही आठवड्यांत पुरा होऊ शकतो. तो पुरा झाला, की ‘एक जातककथा मुळातून वाचणे’ हा पुढचा टप्पा ठरवता येतो.

भाषा म्हटली की ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे अशी चार अंगे येतात. तमिळ, कन्नड किंवा जर्मन शिकणाऱ्याला कान आणि जीभ तयार करावीच लागते. पाली ही मुख्यतः ग्रंथांची आणि पठणाची भाषा आहे. बाजारात भाव करण्यासाठी ती कोणी शिकत नाही. त्यामुळे वाचन आणि शुद्ध पठण एवढ्यावर लक्ष दिले तरी पुरते. आपल्याला कोणते अंग हवे आहे हे आधीच ठरवले, तर अर्धे ओझे तिथेच उतरते.

परीक्षेचे आकर्षण हा एक हेतू पूर्वी होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील पर्यायी विषयांमधून २०१३ मध्ये पाली वगळण्यात आली. दुसरीकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. असे निर्णय येतात आणि बदलतातही. घरी बसून एकट्याने करायच्या अभ्यासाला टिकवून धरतो तो आपला स्वतःचा हेतूच.

पहिला आठवडा : अक्षरे आणि उच्चार

पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत, युरोपात रोमन लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत छापली जाते. मराठी वाचकाला नवी लिपी शिकण्याचा त्रास नाही. वर्णही थोडे. ऋ, ऐ, औ, श, ष आणि विसर्ग पालीत नाहीत. उलट हिंदी भाषकाला अवघड जाणारा ‘ळ’ पालीत आहे आणि तो आपल्या जिभेवर आधीच आहे.

तरीही मराठी सवयी काही ठिकाणी आड येतात. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत, ‘चाक’मधला वेगळा आणि ‘चहा’मधला वेगळा. पालीत नेहमी ‘चहा’मधलाच उच्चार करावा. ‘फ’ हा दोन्ही ओठ मिटून म्हणावा, ‘फॅन’मधल्यासारखा नव्हे. जोडाक्षरातील दोन्ही व्यंजने ऐकू आली पाहिजेत, ‘धम्म’मध्ये ‘म’ दोनदा वाजला पाहिजे. ‘पञ्ञा’ या शब्दातील ‘ञ्ञ’ मराठी ‘ज्ञ’सारखा म्हणू नये, कारण त्यात ‘द’चा अंशही नाही. जोडाक्षराच्या आधी येणारे ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व म्हणावेत. हे एवढे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढावेत आणि आठवडाभर रोजची वंदना त्या पानाकडे पाहत हळू म्हणावी.

दुसरा टप्पा : पाठ मजकुराची फोड

आता पंचशील हाती घ्यावे. ते स्वतःच्या हाताने, एका ओळीआड एक ओळ मोकळी सोडून वहीत उतरवावे. मग प्रत्येक शब्दाच्या शेवटाकडे पाहावे, कारण पालीत शब्दाचे वाक्यातील काम त्याच्या शेवटावरून कळते.

त्रिशरणात आणि पंचशिलात ‘मि’ने संपणारी क्रियापदे येतात. एक ‘गच्छामि’, म्हणजे मी जातो. दुसरे ‘समादियामि’, म्हणजे मी स्वीकारतो. शेवटचा ‘मि’ म्हणजे बोलणारा ‘मी’, असे लक्षात ठेवले की पुन्हा विसरत नाही. ‘बुद्धं’, ‘धम्मं’, ‘संघं’ यांच्यावरचा अनुस्वार ही द्वितीया विभक्ती आहे. जाण्याचे ठिकाण किंवा क्रियेचे कर्म ती दाखवते. ‘पाणातिपाता’, ‘मुसावादा’ यांच्या शेवटचा ‘आ’ ही पंचमी आहे, मराठीतील ‘पासून’. त्यानंतर येणाऱ्या ‘वेरमणी’चा अर्थ विरमणे, दूर राहणे. म्हणजे ‘कशापासून दूर राहणे’ हे त्या ‘आ’ने सांगितले.

शाळेत मराठीच्या तासाला प्रथमा, द्वितीया, तृतीया असा विभक्तींचा तक्ता सर्वांनीच घोकलेला असतो. पालीत तीच नावे आहेत. ‘बुद्ध’ हा एकच शब्द घेऊन तक्ता करावा. बुद्धो म्हणजे बुद्ध, बुद्धं म्हणजे बुद्धाला, बुद्धेन म्हणजे बुद्धाने, बुद्धस्स म्हणजे बुद्धाचा किंवा बुद्धासाठी, बुद्धा म्हणजे बुद्धापासून, बुद्धे म्हणजे बुद्धाच्या ठायी. संस्कृतातील द्विवचन पालीत नाही, त्यामुळे तक्ता आटोपशीर राहतो. एक शब्द नीट पाठ झाला, की त्याच वळणाचे असंख्य शब्द आपोआप चालवता येतात.

मग स्वतः छोटी वाक्ये करून पाहावीत. ‘अहं गामं गच्छामि’, म्हणजे मी गावाला जातो. ‘अहं नागपुरा आगच्छामि’, म्हणजे मी नागपूरहून येतो. ‘पुत्तो भत्तं भुञ्जति’, म्हणजे मुलगा भात जेवतो. ही वाक्ये किरकोळ वाटतील. पण आपण केलेले एक बरोबर वाक्य दहा पाने वाचल्यापेक्षा अधिक पक्के बसते.

शब्दांची फोड हा पुढचा भाग. ‘अदिन्नादाना’ हा शब्द एका दमात म्हटला जातो, म्हणून तो अवघड भासतो. त्यात ‘अदिन्न’ म्हणजे न दिलेले आणि ‘आदान’ म्हणजे घेणे असे दोन शब्द आहेत. ‘चोरी’ या अर्थापेक्षा ‘न दिलेले घेणे’ हा अर्थ किती व्यापक आहे, हे फोड केल्यावरच जाणवते. घराच्या भिंतीवर लावलेल्या भाषांतरात हा अर्थ सापडेलच असे नाही. भाषा शिकण्याचे मोल येथे प्रथम हाती लागते.

मराठीचे पाठबळ

मराठी पालीपासून निघाली असे नाही. मराठीची परंपरा महाराष्ट्री प्राकृताशी जोडली जाते आणि पाली ही त्या प्राकृतांची जवळची नातलग आहे. या नात्याचा शब्दसंग्रह वाढवण्यासाठी फार उपयोग होतो. संस्कृतातील ‘हस्त’ पालीत ‘हत्थ’ होतो आणि मराठीत ‘हात’. त्याच वाटेने कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. सर्प, सप्प, साप. दुग्ध, दुद्ध, दूध. अद्य, अज्ज, आज अशा साखळ्या तयार होतात. नियम साधा आहे. पालीतील जोड व्यंजन मराठीत एकटे पडते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. सगळेच शब्द या नियमात बसत नाहीत. तरीही अशा साखळ्यांची एक वही ठेवली, तर काही दिवसांतच शंभरेक शब्द विनासायास जमतात.

मात्र हेच नाते फसवतेही. मराठीत ‘सरण’ म्हणजे चिता आणि ‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे. पाली ‘सरण’चा अर्थ आश्रय, रक्षणाचे ठिकाण असा आहे. त्रिशरण म्हणणारा माणूस कोणापुढे हार मानत नाही, तो आश्रयाकडे चालत जातो. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणे. पालीत ‘वेदना’ म्हणजे कोणतीही संवेदना, मग ती सुखद असो, दुःखद असो वा दोन्ही नसो. मराठीतील ‘विज्ञान’ शाळेतला विषय आहे, पालीतील ‘विञ्ञाण’ म्हणजे जाणीव. बौद्ध विचार मराठीतून वाचताना होणारे कितीतरी गैरसमज या अशा शब्दांमधून जन्मतात. म्हणून ओळखीचा वाटणारा शब्दही एकदा कोशात पाहण्याची सवय लावावी.

कोश कसा पाहावा?

नवशिक्याचा सर्वाधिक हिरमोड कोश उघडल्यावर होतो. पाठातला शब्द कोशात सापडतच नाही. याचे कारण कोशात शब्दाचे मूळ रूप असते. ‘बुद्धस्स’ शोधायचा तर ‘बुद्ध’ पाहावा लागतो. क्रियापदे पाली कोशांत बहुधा तृतीय पुरुषी एकवचनात दिलेली असतात, म्हणजे ‘गच्छामि’ हा ‘गच्छति’खाली सापडतो. सामासिक शब्द आधी तोडावा आणि मग त्याचे भाग शोधावेत. विभक्तींचा तक्ता आधी आणि कोश नंतर, हा क्रम त्यासाठीच.

साधने मोजकी ठेवावीत. एक प्रवेशिका आणि एक कोश एवढे सुरुवातीला पुरे. भदंत कौसल्यायनांची वर उल्लेखिलेली पुस्तके आहेतच. इंग्रजीतून शिकणे सोयीचे वाटणाऱ्यांसाठी लिली डि सिल्वा यांचे ‘पाली प्रायमर’ आहे. ते इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने प्रकाशित केले असून, त्यात छोट्या वाक्यांचे भरपूर सराव आहेत. पाच पुस्तके विकत आणून प्रत्येकाचा पहिला धडा वाचणाऱ्यापेक्षा एकाच पुस्तकाचे सगळे धडे सोडवणारा पुढे जातो.

मुळातून वाचन

तीन-चार महिन्यांनी प्रत्यक्ष ग्रंथाकडे वळावे. अनेक जण ‘धम्मपदा’पासून सुरुवात करतात. त्यात २६ वग्गांत ४२३ गाथा आहेत. गाथा लहान आहेत खऱ्या, पण छंदासाठी शब्दांचा क्रम बदललेला असल्याने नवशिक्या गोंधळतो. त्यापेक्षा आधी गद्य घ्यावे. जातकांतील कथाभाग किंवा सुत्तांतील संवाद यांत वाक्ये सरळ असतात.

सुत्तांमध्ये एकच वाक्य किरकोळ फरकाने पुन्हा पुन्हा येते. हे ग्रंथ आधी मुखोद्गत करून जपले गेले, त्यामुळे पुनरुक्ती ही त्यांची गरज होती. आजच्या वाचकाला ती कंटाळवाणी वाटते; पण शिकणाऱ्यासाठी ती आयती उजळणी आहे. मध्येच ‘पे’ असे अक्षर दिसले तर गोंधळू नये. ‘पेय्याल’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप असून, आधी आलेला मजकूर येथे तसाच समजावा, अशी ती खूण आहे.

ग्रंथांची आता टंचाई नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात संपूर्ण तिपिटक देवनागरीत ४१ खंडांत प्रसिद्ध झाले. विपश्यना विशोधन विन्यासानेही तिपिटक संगणकावर आणले असून, देवनागरीतला पाठ आज मोबाईलवरही विनामूल्य वाचता येतो. कोसंबींना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ते खिशात आले आहे.

वाचनाची पद्धत मात्र जुनीच चांगली. रोज पाच-सहा ओळी घ्याव्यात. आधी स्वतः भाषांतर लिहावे, मगच छापील भाषांतर उघडावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. जिथे फरक पडला, तिथे आपण कोणती विभक्ती चुकवली हे लाल शाईने लिहावे. आधी भाषांतर वाचून मग मूळ पाठ पाहिला, तर सगळे समजल्याचा भास होतो आणि शिकणे राहून जाते.

एकट्याची मर्यादा

स्वयंशिक्षणाला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. उच्चारातील दोष आपला आपल्याला ऐकू येत नाही आणि लांब समासाची फोड चुकीच्या जागी झाली तरी कळत नाही. यासाठी आठवड्यातून एकदा कोणाला तरी वाचून दाखवावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात पालीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तिथे शिकलेली माणसे शहरात आहेत आणि वस्त्यावस्त्यांत विहारे आहेत. आठवड्याच्या शंका एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि रविवारच्या वंदनेनंतर जाणकारापुढे मांडाव्यात. कोणी जाणकार भेटला नाही, तर घरातल्या शाळकरी मुलाला एक शब्द समजावून सांगावा. समजावताना आपण जिथे अडखळतो, तिथे आपलेच शिकणे कच्चे असते.

वेळेचा प्रश्न सर्वांनाच आहे. नोकरी करणाऱ्याला रोज अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. परंतु तो रोज मिळाला पाहिजे. रविवारी सलग चार तास बसून सहा दिवस वही मिटून ठेवणाऱ्याचे विभक्तिप्रत्यय पुढच्या रविवारपर्यंत विसरलेले असतात. वंदनेची वेळ ठरलेली असेल, तर अभ्यासाची वेळ तिलाच जोडावी. वंदना झाल्यावर लगेच वही उघडायची, एवढे ठरवले की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

पंचशिलाच्या प्रत्येक ओळीत ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. त्यातल्या ‘सिक्खा’चे आणि मराठी ‘शिकणे’चे कूळ एकच. म्हणणारा कोणाची आज्ञा झेलत नाही; शिकण्याचा एक पाठ तो आपण होऊन स्वीकारतो आणि त्यासाठी ‘मी’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणतो. १९५६ पासून नागपुरात हा शब्द रोज उच्चारला जातो. वही घेऊन त्याची फोड करायला पंधरा मिनिटे लागतात. पालीच्या अभ्यासाची सुरुवात तेवढ्याने होते.